ग्रीक चित्रकुंभांवरील पशुपक्षी : अलंकार की संकेत?

प्राचीन ग्रीकांच्या चित्रित मृत्पात्रांवर देव आणि वीर यांच्या खालोखाल, किंबहुना आरंभीच्या दोन-तीन शतकांत त्यांच्याहूनही अधिक, जागा कोणी व्यापली असेल तर ती पशुपक्ष्यांनी होय. घोडा, हरिण, सिंह, रानडुक्कर, घुबड, कोंबडा, ससा आणि सर्प हे तर तेथे आहेतच. परंतु स्त्रीचे मुख व सिंहाचा देह असलेली स्फिंक्स, गरुडाच्या चोचीचा ग्रिफिन, पक्षिणीच्या धडावर स्त्रीचे मस्तक वागविणारी सायरन, असे जे प्राणी कोणत्याही अरण्यात सापडावयाचे नाहीत, तेही त्याच पंक्तीत आणि त्याच सहजतेने चालताना दिसतात. या सर्वांचा अर्थ काय, हा प्रश्न पुरातत्त्वज्ञांनी दीर्घकाळ घोळविला असून त्याच्या निर्णयात दोन पक्ष पडले आहेत. एक पक्ष म्हणतो की, रिकामी जागा भरण्यासाठी कुंभकाराने जशी नागमोडी वेलपत्ती काढली तशीच ही जनावरांची रांगही काढली. ती नक्षी आहे, आणि नक्षीला कैफियत विचारण्यात हशील नाही. दुसऱ्या पक्षाच्या मते यातील प्रत्येक प्राणी हे एका गूढ लिपीतील अक्षर आहे. हर्बर्ट हॉफमन यांनी १९९७ साली सोटाडीस या कुंभकाराच्या पात्रांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात त्यांनी ही लिपी मृत्यू आणि अमरत्व यांविषयीच बोलते असे मोठ्या आग्रहाने प्रतिपादिले.

माझ्या मते या दोन्ही पक्षांनी प्रश्नच थोडा चुकीच्या ठिकाणी मांडला आहे. ‘सिंह म्हणजे काय’ असे विचारणे म्हणजे प्राण्यांचा एखादा अर्थकोश ग्रीक चित्रकाराच्या फडताळात ठेवलेला होता असे गृहीत धरणे होय, आणि असा कोश होता याचा दाखला कोठेही मिळत नाही. सिंह कुंभाच्या कोणत्या भागावर आहे, त्याच्या शेजारी कोण आहे, त्या कुंभात तेल होते, मद्य होते की प्रेत होते, आणि तो कोणाच्या हाती जावयाचा होता, हे चार तपशील हाती आल्याखेरीज त्या सिंहाविषयी काहीही बोलणे धाडसाचे ठरते. पुढील आढावा या धोरणाने घेतला आहे.

आरंभ भौमितिक कालखंडापासून, म्हणजे ढोबळमानाने इ.स.पू. ९०० ते ७०० या काळापासून करणे सोयीचे. अथेन्सच्या डिपिलोन वेशीजवळील स्मशानभूमीत, इ.स.पू. ७५० च्या सुमारास, एका तालेवार स्त्रीच्या थडग्यावर खूण म्हणून जो दीड मीटरहून उंच कुंभ उभा केला होता, त्याच्या मध्यभागी मृत स्त्रीचे कलेवर व शोक करणारी माणसे आहेत, आणि मानेवर चरणारी हरणे व बसून मागे वळून पाहणाऱ्या शेळ्या यांच्या दोन पट्ट्या आहेत. ही हरणे एकाच साच्यातून काढल्याप्रमाणे एकमेकांसारखी आहेत. शेजारच्या काटकोनी नक्षीत आणि त्यांच्यात भेद करावा असे चित्रकारालाही वाटले नसावे. येथे पहिल्या पक्षाचे म्हणणे मान्य करण्यास मला संकोच वाटत नाही. परंतु त्याच काळच्या, त्याच प्रकारच्या थडग्यांत ज्या बसक्या, झाकणाच्या गोल डब्या सापडतात, त्यांच्या झाकणावर मुठीच्या ठिकाणी मातीचे एकापासून चारपर्यंत घोडे उभे केलेले असतात, आणि त्यांचा मामला निराळा आहे. अटिकाच्या कोरड्या, खडकाळ मुलखात घोडा पाळणे हे शेतीच्या उपयोगाचे काम नव्हते. ती ऐपतीची गोष्ट होती, आणि पुढे अथेन्सचा कायदेकार सोलोन याने उत्पन्नाच्या मानाने नागरिकांचे जे चार वर्ग ठरविले त्यांतील दुसऱ्या वर्गाचे नावच घोडेस्वार असे होते. झाकणावरचे ते घोडे मृताची मालमत्ता व मानमरातब जाहीर करतात, आणि ही जाहिरात थडग्यात पुरली गेली तरी अंत्ययात्रेस जमलेल्या मंडळींनी ती पाहिलेली असे. अर्थ पाहावयाचा तो घोड्याला झाकणाची मूठ करण्यात आहे.

इ.स.पू. सातव्या शतकात पूर्वेकडील व्यापार वाढला आणि सीरिया, फिनिशिया व आशिया मायनर येथून आलेल्या धातूच्या पात्रांवरून आणि हस्तिदंती कोरीवकामावरून (बहुधा नष्ट झालेल्या विणलेल्या वस्त्रांवरूनही) सिंह, स्फिंक्स आणि ग्रिफिन यांची फौज ग्रीक कुंभांवर उतरली. हिचे पहिले मोठे ठाणे कॉरिन्थ. तेथील कारागिरांनी काळ्या आकृतीत टोकदार अवजाराने बारकावे कोरण्याची जी पद्धत काढली, तीच कृष्णाकृती शैली म्हणून पुढे अथेन्सने आत्मसात केली. आशिया मायनरच्या किनाऱ्यावर व ऱ्होड्स बेटात त्याच सुमारास रानबोकडांच्या रांगांची जी शैली फोफावली ती डोळ्यांना मोठी सुखद आहे, पण तिच्यात अर्थ शोधण्याचे श्रम सहसा फुकट जातात.

कॉरिन्थच्या सिंहांचा छडा लावण्याचे श्रेय हम्फ्री पेन या इंग्रज विद्वानास आहे. अवघ्या चौतिसाव्या वर्षी, १९३६ साली, निवर्तलेल्या या गृहस्थाने १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे दाखवून दिले की, आरंभीचे सिंह चौकोनी जबड्याचे, हिटाइट शिल्पांच्या वळणाचे आहेत, आणि सातव्या शतकाच्या मध्यानंतर त्यांची जागा असिरियन वळणाच्या, अधिक निमुळत्या तोंडाच्या सिंहांनी घेतली. तात्पर्य, चित्रकार जनावर पाहून काढीत नव्हता, तर नमुना पाहून काढीत होता, आणि नमुना बदलला की त्याचा सिंहही बदलत असे. ग्रीसला सिंह सर्वस्वी अपरिचित होता असे मात्र नव्हे. पर्शियन सम्राट झर्क्सीसची सेना मॅसिडोनियाच्या बाजूने येत असता सिंहांनी रात्री उतरून तिच्या उंटांवर हल्ला केला, असे हिरोडोटसने नमूद केले आहे. परंतु कॉरिन्थच्या कुंभवाड्यात बसलेल्या माणसाने तो पाहिला असण्याचा संभव थोडाच.

मग नमुन्यावरून उतरविलेल्या या सिंहाला अर्थ नव्हता काय? बोटभर उंचीच्या सुगंधी तेलाच्या कुप्यांवर शेकड्यांनी काढलेल्या सिंहांविषयी बोलावयाचे तर, विशेष नव्हता असेच मी म्हणेन. पूर्वेकडील सुगंधी द्रव्यासोबत पूर्वेकडील जनावर शोभते, एवढा व्यापारी विचार त्यामागे पुरेसा आहे. याच्या उलट बाजूला एल्यूसिस येथे १९५४ साली सापडलेला कुंभ ठेवून पाहावा. इ.स.पू. ६५० च्या सुमाराचा हा १.४२ मीटर उंचीचा कुंभ एका लहान मुलाच्या दफनासाठी शवपेटीप्रमाणे वापरलेला होता. त्याच्या मानेवर ओडिसियस व त्याचे सोबती एकाक्ष राक्षसाच्या डोळ्यात शूल खुपसत आहेत, पोटावर मेड्यूसाचे मस्तक छाटून पर्सियस निघाला असून तिच्या भगिनी त्याच्या मागे लागल्या आहेत, आणि या दोहोंच्या मधल्या, खांद्याच्या अरुंद पट्टीत एक सिंह रानडुकरावर तुटून पडतो आहे. वर डोळा जातो, खाली मस्तक जाते, मध्ये प्राण जातो, आणि आत एक निष्प्राण मूल आहे. ही सगळी जुळणी योगायोगाची मानणे मला जड जाते. सिंहाने सावज धरल्याच्या चित्रांचा १९८९ साली विस्ताराने परामर्श घेताना ग्लेन मार्को यांनी होमरच्या काव्यातील सिंहाच्या उपमांकडे बोट दाखवून, हा प्रसंग वीराच्या विजयाचे रूप आहे असा निष्कर्ष काढला. तो बऱ्याच ठिकाणी लागू पडतो; एल्यूसिसच्या कुंभावर मात्र, मला वाटते, पाहणाऱ्याची नजर सिंहाइतकीच त्या रानडुकराकडेही जाते.

पशुचित्रणाच्या साऱ्या रीती एकाच पात्रावर पाहावयाच्या असतील तर फ्लॉरेन्सच्या पुरातत्त्व संग्रहालयातील फ्रान्स्वा कुंभासारखे दुसरे साधन नाही. एर्गोटिमोसने घडविलेला आणि क्लायटियासने चितारलेला हा ६६ सेंटिमीटर उंचीचा, मद्य व पाणी मिसळण्याचा कुंभ इ.स.पू. ५७० च्या सुमारास अथेन्समध्ये तयार झाला आणि १८४४–४५ मध्ये इटलीतील क्युसीजवळ अलेस्सांद्रो फ्रान्स्वा यांना तुकड्यांच्या रूपाने मिळाला. १९०० साली संग्रहालयाच्याच एका पहारेकऱ्याने रागाच्या भरात त्याच्यावर तिवई फेकली, आणि मोजून ६३८ तुकडे झालेला हा कुंभ पुन्हा सांधावा लागला. त्यावर आकृती सुमारे २७० आहेत. मानेवरच्या पट्टीत कॅलिडोनच्या रानडुकराची शिकार आहे, आणि तेथे शिकाऱ्यांप्रमाणे कुत्र्यांचीही नावे लिहिलेली आहेत: एकाचे लाब्रोस, एकाचे कोराक्स. नाव मिळालेले हे कुत्रे कथेचे भागीदार आहेत. त्याच कुंभाच्या पोटावर, देववीरांच्या पट्ट्या संपल्यावर, खालच्या अंगाला स्फिंक्स, ग्रिफिन आणि बैल-हरणांना फाडणारी श्वापदे यांची जुनी, कॉरिन्थकडून आलेली पट्टी आहे. तेथे एकाही जनावराला नाव नाही, काळ नाही, स्थळ नाही. तळपायावर खुजी माणसे बोकडांवर स्वार होऊन बगळ्यांसारख्या क्रौंच पक्ष्यांशी लढताहेत, म्हणजे वरच्या वीरांच्या रणाची ही थट्टाच. आणि कुंभाच्या कानांवर पंखधारी देवी आर्टेमिस हिंस्र पशू व हरिण दोन्ही हातांत सहज धरून उभी आहे. एकाच हाताने, बहुधा थोड्याच दिवसांच्या अवधीत, एकाच भांड्यावर काढलेल्या या प्राण्यांपैकी काही पात्रे आहेत, काही सीमारेषा आहेत, काही विनोद आहेत आणि काही देवतेचे ऐश्वर्य आहेत. अर्थकोश करणाऱ्यांनी या कुंभापाशी थांबून आपली वही मिटावी, असे मला नेहमी वाटत आले आहे.

सिंहाचा आणखी एक वाद येथे उरकून घेतो. इ.स.पू. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात अथेन्सच्या कुंभांवर हेराक्लीस अतोनात दिसू लागतो, आणि त्याच्या पराक्रमांत नेमियाच्या सिंहाशी झालेले मल्लयुद्ध सर्वांत लोकप्रिय आहे. जॉन बोर्डमन यांनी १९७२ साली असा तर्क मांडला की, अथेन्सचा हुकूमशहा पिसिस्ट्राटस स्वतःला हेराक्लीसच्या रूपात मिरवीत असे व कुंभांवरील हेराक्लीस हा त्या राजवटीचा प्रतिध्वनी आहे. १९८७ मध्ये आर. एम. कुक यांनी या तर्काची चांगलीच झाडाझडती घेतली. कुक यांचा पक्ष मला अधिक सबळ वाटतो. कारण कुंभकार हा दरबारी चित्रकार नव्हता, त्याच्या मालाचा मोठा भाग परमुलखात खपत होता, आणि अथेन्समधील राजकारणाशी ज्यांचे काही देणेघेणे नव्हते अशी गिऱ्हाइकेही सिंहाशी झोंबणारा हेराक्लीस आनंदाने विकत घेत होती.

नगराचे अधिकृत लांछन म्हणून एखादा प्राणी कुंभावर यावा आणि त्याच्या अर्थाविषयी शंका राहू नये, असे दाखले थोडे आहेत, पण आहेत. घुबड हा त्यांतील प्रमुख. अथीनेचा हा पक्षी नाण्यांवर आहे तसाच पाचव्या शतकातील लहान पेल्यांवर ऑलिव्हच्या दोन डहाळ्यांमध्ये, तोंड सरळ आपल्याकडे करून बसलेला आहे. आपल्याकडील वाचकाला देवता म्हटली की तिचे वाहन आठवते, आणि घुबड म्हटले की अशुभ. या दोन्ही कल्पना येथे बाजूला ठेवाव्या लागतात, कारण अथीना घुबडावर आरूढ होत नाही आणि अथेन्सच्या माणसाला ते दिसणे शुभ वाटे. लूव्ह्र संग्रहालयातील एका सुरईवर तर हे घुबड शिरस्त्राण घालून, ढाल-भाला घेऊन लढाईस निघाले आहे. कोंबड्याचे तसेच. इ.स.पू. ५६६ पासून अथीनेच्या महोत्सवाला जे मोठे रूप आले, त्यातील स्पर्धांत विजेत्यांना ऑलिव्ह तेलाने भरलेले, सुमारे चाळीस लिटरांचे कुंभ बक्षीस मिळत. त्यांच्या एका बाजूस शस्त्रधारी अथीना असून तिच्या दोन्ही अंगांस जे स्तंभ आहेत त्यांवर कोंबडे उभे आहेत. झुंजीचा पक्षी स्पर्धेच्या बक्षिसावर यावा, यात गूढ काही नाही. हे सरकारी शिक्कामोर्तब झालेले प्रतीक.

पण हाच कोंबडा मद्यपानाच्या पेल्यावर आला की त्याची भाषा बदलते. तेथे दाढीवाला प्रौढ पुरुष कोवळ्या तरुणाला कोंबडा किंवा ससा भेट देताना दिसतो, आणि केनेथ डोव्हर यांनी १९७८ साली ग्रीक समाजातील पुरुषप्रेमावर जो निर्भीड ग्रंथ लिहिला त्यानंतर या भेटींचा प्रणयाराधनाशी असलेला संबंध आडपडद्याशिवाय मान्य झाला. फ्रेंच विद्वान आलँ श्नाप यांनी तो धागा आणखी पुढे नेला: ससा हा शिकारीने मिळतो, शिकार हे तरुणाच्या शिक्षणाचे अंग, आणि प्रियकरही एका परीने शिकारीच, म्हणून शिकार आणि प्रणय यांची चित्रे एकाच परिभाषेत बोलतात. फ्रेंच मंडळींना सर्वत्र परिभाषा दिसते हे खरे. तरीही या प्रकरणी पुरावा त्यांच्या बाजूने आहे.

मृत्यूचा प्रदेश सर्प आणि सायरन यांच्याकडे. भौमितिक काळातील अंत्यविधीच्या कुंभांच्या कानांवर मातीचे सर्प चिकटविलेले असत. इ.स.पू. ५१० च्या आसपासच्या, सध्या बॉस्टनमध्ये असलेल्या एका जलकुंभावर अकिलीस हेक्टरचे प्रेत रथामागे फरफटत नेतो आहे, शेजारी पॅट्रोक्लसच्या समाधीचा पांढरा उंचवटा आहे, त्यावर चिमुकला पंखधारी वीर म्हणजे त्याचा आत्मा तरंगतो आहे आणि समाधीपाशी सर्प आहे. येथे सर्पाचा अर्थ चित्राने स्वतःच सांगितला. ब्रिटिश म्युझियममधील प्रसिद्ध पात्रावर ओडिसियस डोलकाठीस बांधलेला असून हताश झालेली एक सायरन कड्यावरून डोके खाली करून समुद्रात कोसळते आहे. मात्र कॉरिन्थच्या कुप्यांवर फुलांच्या जाळीत उभ्या असलेल्या असंख्य सायरनांना मृत्यूची दूती म्हणणे मला पटत नाही.

ढालींवरील चिन्हांविषयी मोठ्या आशेने लिहिले गेले आहे. जॉर्ज हेन्री चेस यांनी १९०२ मध्येच त्यांची यादी केली. सिंह, बैलाचे मुंडके, विंचू, अष्टपाद, कोंबडा असे पुष्कळ काही तीत आहे, परंतु एकाच वीराच्या हाती निरनिराळ्या कुंभांवर निरनिराळी चिन्हे असल्यामुळे त्यांतून फारसे निष्पन्न होत नाही.

आता या विषयातील खरी अडचण. १८२८ पासून इटलीतील व्हुल्ची येथे लूसियाँ बोनापार्त याने आपल्या जमिनीतील थडगी उकरून थोड्याच काळात दोन हजारांहून अधिक पात्रे बाहेर काढली. धड अवस्थेतील बहुसंख्य अथेनियन कुंभ अशा एट्रुस्कन थडग्यांतूनच आलेले आहेत, आणि त्यामुळे एकेकाळी त्यांना एट्रुस्कनच समजत. इंग्लंडातील चिनी मातीचा कारखानदार जोसाया वेजवुड याने १७६९ साली आपल्या नव्या कारखान्यास एट्रुरिया हे नाव दिले ते याच समजुतीने. मग प्रश्न असा की, या पशूंचा अर्थ अथेन्सच्या चित्रकाराच्या मनातला धरावयाचा की विकत घेऊन थडग्यात ठेवणाऱ्या एट्रुस्कन कुटुंबाच्या मनातला? अथेन्सचा निकोस्थेनीस एट्रुस्कनांच्या आवडीच्या आकाराचे कुंभ मुद्दाम करून धाडीत असे, म्हणजे विकणाऱ्याला गिऱ्हाइकाची जाण होती.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे म्यूनिकमधील एक्झेकियसचा पेला. इ.स.पू. ५३० च्या सुमाराच्या या पेल्यात तांबूस पार्श्वभूमीवर एक शुभ्र शिडाची नौका आहे, तीत मद्यदेव डायोनिसस पहुडला आहे, डोलकाठीवरून द्राक्षवेल चढून तिला सात घोस लागले आहेत आणि भोवती सात डॉल्फिन पोहत आहेत. देवाला पळवू पाहणाऱ्या चाच्यांनी भयाने समुद्रात उड्या टाकल्या व त्यांचे डॉल्फिन झाले, ही कथा ठाऊक असलेल्याला ते डॉल्फिन म्हणजे शिक्षा झालेली माणसे आहेत. पिणाऱ्याच्या पेल्यातील मद्य ओसरू लागले की देव दिसू लागतो आणि त्याच्या सामर्थ्याची ताकीदही मिळते. मौज अशी की, कथेतील चाचे टिरेनियन, म्हणजे एट्रुस्कन, आहेत आणि पेला सापडला तो व्हुल्चीत. ज्यांच्या पूर्वजांची फजिती त्यावर आहे त्यांनी तो मोलाने घेऊन जपला, याचा खुलासा त्यांना कथाच ठाऊक नव्हती असा केला जाई. पण अमेरिकेतील टोलीडो येथून अलीकडे इटलीस परत गेलेल्या एका एट्रुस्कन जलकुंभावर, अर्धे अंग माणसाचे व अर्धे डॉल्फिनचे झालेले चाचे समुद्रात झेपावताना स्पष्ट दाखविले आहेत. कथा त्यांना ठाऊक होती. एवढेच की ती त्यांनी आपल्या परीने वाचली.

प्रतीकाच्या शोधात निघालेल्याने वाटेत ज्या प्राण्यांना प्रतीक व्हावयाचेच नाही त्यांचाही मान राखावा. स्पार्टाच्या कारागिराने चितारलेल्या एका पेल्यात सायरीनचा राजा आर्केसिलास मालाच्या वजनावर देखरेख करीत बसला आहे, आणि त्याच्या आसनाखाली चित्ता, वर माकड, मागे पाल व भोवती पक्षी आहेत. आफ्रिकेचे वातावरण उभे करण्यापलीकडे त्यांचे काम नाही. एक्झेकियसच्याच व्हॅटिकनमधील कुंभावर घरी परतलेल्या पॉलिड्यूसीसच्या अंगावर कुत्रा उडी घेतो, तो आनंदाने घेतो. लेनिनग्राडच्या, म्हणजे आताच्या सेंट पीटर्सबर्गच्या, हर्मिटाज संग्रहालयातील एका सुरईवर तीन जण वर पाहून उडणारी पाकोळी एकमेकांना दाखवितात आणि वसंत आल्याचे बोलतात. त्यांचे उद्गार चित्रातच लिहिलेले आहेत. आणि चौथ्या शतकातील मासळीच्या ताटल्यांवर मासे, माकूळ व कोळंबी यांची जी हुबेहूब चित्रे आहेत, मध्ये चटणीसाठी खळगा आहे, त्यांचा हेतू सागरकिनारी राहणाऱ्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. तेथे विद्वानांना सापडलेली महत्त्वाची गोष्ट ही की, अथेन्सच्या ताटल्यांवर माशांची पोटे काठाकडे असतात व दक्षिण इटलीच्या ताटल्यांवर मध्याकडे.

या अभ्यासाचे मोठे दफ्तर म्हणजे १९२२ पासून देशोदेशींच्या संग्रहालयांनी भाग-भाग करून प्रसिद्ध चालविलेली प्राचीन कुंभांची सूची. तिच्या जुन्या भागांत पुष्कळदा पात्राची ‘चांगली’ बाजू तेवढी ठळक छापलेली असते, आणि सामान्य वाचकांसाठी निघणाऱ्या चित्रपुस्तकांत आजही तेच चालते. लूव्ह्रमधील एका मद्यकुंभावर एका बाजूस तरुण गॅनिमीड चाक फिरवीत, हातात कोंबडा धरून धावतो आहे, आणि त्याचा पाठलाग करणारा झ्यूस आहे तो कुंभाच्या दुसऱ्या बाजूस. पहिली बाजू पाहून परतणाऱ्यास तो कोंबडा मुलाच्या खेळण्यातला वाटेल. तेव्हा ज्यांना परदेशी संग्रहालयांत जाण्याचा योग येईल त्यांनी काचेच्या पेटीभोवती एक पूर्ण फेरी अवश्य घालावी, आणि जमल्यास कुंभाच्या कानाखालीही डोकावून पाहावे.